आमच्या लेकीला शेतकरी मानणाऱ्या आबांस

तीर्थस्वरूप आबांस,
सादर प्रणाम.

आपण दिंडोरी तालुक्यातील आपल्या गावी कायमचे राहायला गेलात, त्या गडबडीत नीट आभार मानायचे राहून गेले. ते आता या पत्रातून मानते आहे आणि मुद्दाम उघडपणे मानते आहे. नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या परिसरात नव्या इमारतींमागे उरलेल्या वीतभर जमिनीत मुलांना हाताशी धरून भाजी लावणारे आमच्यासारखे आईबाप पुष्कळ आहेत. खत, बियाणे, कुंड्या यांची माहिती त्यांना कुठेही मिळते. मात्र झाड मरायला लागले की मुलाच्या तोंडाकडे बघून काय बोलायचे, हे कोणी सांगत नाही. कृषी सहायक म्हणून उभी हयात बांधावर काढलेल्या माणसाकडून ते आम्हाला शिकायला मिळाले.

आमची लेक तेव्हा दुसरीत होती. इमारतीमागच्या पट्टीत तिने हट्टाने चवळी, टोमॅटो आणि दुधी लावला आणि महिनाभरात चवळीची कोवळी पाने पिवळी पडू लागली. आम्ही दोघेही "होईल गं नीट" एवढेच म्हणत होतो. आपण मात्र खाली बसून तिला पानाच्या शिरा दाखवल्यात: शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. मग घरातून व्हिनेगर आणायला सांगून मुठीतल्या मातीवर त्याचे चार थेंब टाकलेत. मातीतून बारीक फेस आला आणि फसफस असा आवाज झाला, तेव्हा ती दचकून मागे सरली आणि लगेच "अजून टाका" म्हणाली. बांधकामाचा राडारोडा त्या मातीत मुरलेला होता, त्यातल्या चुन्यामुळे जमिनीत लोह असूनही मुळांना ते मिळत नव्हते, एवढी गोष्ट आपण सात वर्षांच्या मुलीला तिच्या भाषेत समजावलीत. नंतर शेणखत आणि पालापाचोळा घालून वाफा उंच करण्याचे काम तिने कोणाच्याही आग्रहाशिवाय केले, कारण आपण काय दुरुस्त करतो आहोत हे तिला ठाऊक होते.

ते वर्ष 2023 होते. त्या वर्षीचा ऑगस्ट हा 1901 पासूनच्या नोंदींमध्ये देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि आमच्या घरात तांदूळ धुतलेल्या पाण्यावर देखील लेकीचा पहारा बसला. काळजीपोटी ती झाडांना दिवसातून तीनतीनदा पाणी घालायची. तिला न रागावता आपण बोटाची दोन पेरे मातीत खुपसून बघायला शिकवलेत आणि आत ओल लागली तर तांब्या खाली ठेवायचा असा नियम घालून दिलात. टोमॅटोच्या भावाचेही तेच. जुलैमध्ये किलोला शंभरी ओलांडलेला टोमॅटो सप्टेंबरमध्ये कवडीमोल झाला आणि "आपले टोमॅटो अजून पिकलेसुद्धा नाहीत, मग ते स्वस्त कसे झाले?" असे तिने विचारले, तेव्हा बाजाराचे ते गणित आपल्यालाही चाळीस वर्षांत सुटले नाही असे आपण हसत सांगितलेत.

चवळीच्या शेंड्यांवर काळा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, आला तो दिवस मला विशेष आठवतो. शेजारच्यांनी फवाऱ्याची बाटली पुढे केली होती आणि खरे सांगायचे तर मलाही ती हवीशी वाटत होती. ज्या मुलीची बोटे मातीतून थेट तोंडात जातात तिच्या झाडावर विष नको, असे आपण स्पष्टपणे म्हणालात. आपण तिच्या हातात भिंग दिलेत. माव्याच्या गर्दीत काळ्या रंगाची, नारिंगी ठिपक्यांची, काटेरी अंगाची एक अळी फिरत होती. लेक ती काडीने चिरडणार एवढ्यात आपण तिचा हात धरलात आणि दोघे बराच वेळ पाहत राहिलात, तोवर त्या अळीने एक मावा धरला आणि खाल्ला. ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची, अळी होती. त्यानंतर आठवडाभर लेकीने त्या झाडाला कोणालाही हात लावू दिला नाही, आणि पाहुणे आले की त्यांना चहाआधी चवळीकडे नेण्याचा तिचा शिरस्ताच पडला.

सर्वांत मोठा चमत्कार मात्र दुधीचा होता. वेलावर मादी फुले येत होती, प्रत्येकीच्या मागे लव असलेला, करंगळीच्या पेराएवढा इवला दुधी दिसत होता आणि चार दिवसांत तो पिवळा पडून गळत होता. लेक ते गळलेले दुधी एका वाटीत जमवून ठेवत असे. आपण एकदा दिवेलागणीला आलात, कारण दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि त्यांच्याकडे येणारे पतंग आमच्या दिव्यांच्या झगमगाटात फारसे फिरकत नसावेत, असा आपला अंदाज होता. लांब दांड्याचे नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या काढून, आतले पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवायला आपण तिला लावलेत. "लागेलच असं नाही, पण आता आपल्याकडून राहिलं असं नको," हे आपले त्या वेळचे शब्द. पुढे रोज सकाळी ती दात घासायच्या आधी खाली पळायची. एका फळाची लव जाऊन कातडी तुकतुकीत झाली आणि ते फुगू लागले, तेव्हा तिने सगळा जिना ओरडत चढला होता. तो दुधी कापल्यावर आधी कच्ची चकती जिभेला लावून बघायची आणि कडू लागली तर थुंकून सगळा दुधी टाकून द्यायचा, कारण तो कडवटपणा विषारी असतो आणि शिजवूनही जात नाही, ही आपली शिस्त आमच्या स्वयंपाकघरात आजही पाळली जाते.

आणि मग 26 नोव्हेंबरचा तो अवकाळी पाऊस. निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागांना गारांनी झोडपल्याच्या बातम्या रात्री येऊ लागल्या, तेव्हा लेक जुनी चादर घेऊन टोमॅटोंकडे निघाली होती. आम्ही तिला "काही होणार नाही, झोप" असे सांगत होतो. जिन्यात भेटलेल्या आपण तिला सांगितलेत की काही झाडे जाऊ शकतात, पण चला, काठ्या तरी घट्ट करू. मी त्या क्षणी मनातून आपल्यावर थोडी चिडले होते, हेही इथे लिहिते. पुढच्या दिवसांत दमट हवेने करपा हा बुरशीचा रोग आला, पानांवर एकात एक वर्तुळे असलेले तपकिरी डाग पडले, आपल्या सांगण्याप्रमाणे तिने खालची पाने काढून लांब नेऊन टाकली आणि तरीही दोन झाडे गेली. ती रडली, पण फसवल्यासारखी रडली नाही. डोळे पुसून तिने आपल्याला विचारले, "द्राक्षवाल्या काकांनी एवढ्या मोठ्या बागेवर चादर कशी घातली असेल?" आपण तिला द्राक्षवेलीची एप्रिलमधली खरड छाटणी, फळांसाठी पावसाळ्यानंतर होणारी फळछाटणी, त्यावर झालेला खर्च, प्लॅस्टिकचे आच्छादन सगळ्यांना का परवडत नाही, हे सारे सांगत बसलात. मी दारात उभी राहून ऐकत होते. बातमीतले नुकसान आमच्या घरात कोणाला खऱ्या अर्थाने कळले असेल तर ते त्या संध्याकाळी तिला.

आबा, मूल लहान आहे म्हणून त्याची काळजी लहान, असे आपण कधीच धरले नाहीत. निफाडच्या बागायतदाराशी ज्या गांभीर्याने बोलला असता, त्याच गांभीर्याने आपण तिच्याशी दोन टोमॅटोच्या झाडांविषयी बोललात. या ऋणातून उतराई होणे आम्हाला शक्य नाही.

त्या दुधीच्या वेलावर एक फळ बियांसाठी राखून वाळवले होते. त्यातल्या निम्म्या बिया लेकीने पुडीत बांधून ठेवल्या आहेत आणि त्या टपालाने पाठवायच्या नाहीत, स्वतः येऊन द्यायच्या, असे तिने ठरवले आहे. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गावी येतो आहोत. यंदा मेथीचे वाफे दाट झाले आहेत आणि विरळणी करायला ती तयार नाही. त्याचा निकालही आपल्यालाच लावावा लागेल.

आपली कृतज्ञ,
दुसऱ्या मजल्यावरच्या शेतकरीणबाईंची आई
नाशिक