सगळेच पांढरे चट्टे मिश्रीचे नसतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांवरचा आपल्या रविवारच्या अंकातला लेख वाचला. तंबाखू, मिश्री, गुटखा यांबद्दल लिहिलंय ते खरंच आहे. पण तिथेच थांबल्यामुळे माझ्यासारखीची पंचाईत होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला बंदी, ही पाटी मी उभं राहून रंगवून घेतलेली. आणि पहिल्याच दवाखान्यात मला पहिला प्रश्न आला, "मिश्री किती वर्षं लावताय, बाई?"

दोन्ही गालांच्या आत पांढऱ्या रेघांची जाळी होती. आरशासमोर मोबाइलची बॅटरी लावून बघितलं, तर थेट क्रोशाचा रुमाल. मधेमधे सोलल्यासारखी लालभडक जागा. आमटीचा घास लागला की डोळ्यांतून पाणी. दीड वर्ष जो तो म्हणायचा, "उष्णता झालीय." सब्जा झाला, गुलकंद झाला, बी-कॉम्प्लेक्सच्या पट्ट्यांवर पट्ट्या संपल्या. शेजारच्या वहिनींनी जाईचा पाला चावायला दिला, तोही चावला.

शेवटी एका दंत महाविद्यालयात गालातून गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला. एक टाका पडला. निदान निघालं लायकेन प्लॅनस. आपलीच प्रतिकारशक्ती तोंडाच्या अस्तरावर उलटते. चाळिशी-पन्नाशीनंतरच्या बायकांत जास्त दिसतो, म्हणे. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे मी माझा पाण्याचा तांब्या वेगळा ठेवणाऱ्या नातलगांसाठी मुद्दाम लिहिते आहे.

"जाईल ना हो?" मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचं बीपी गेलं का? तसाच हाही सांभाळायचा." मग त्यांनी बीपीची गोळी कोणती तेही विचारलं, कारण काही औषधांनीही तोंडात असेच चट्टे उठतात. माझी गोळी त्यातली नव्हती. गालाला घासणारी तुटकी दाढ मात्र त्यांनी कानशीनं गुळगुळीत करून दिली, आणि निम्मी आग तिथंच कमी झाली. पुदिन्याची झणझणीत टूथपेस्ट बंद, ब्रश मऊ. मलम स्टेरॉइडचं. जेवण झाल्यावर कापसानं गाल कोरडा करून लावायचं आणि पुढे अर्धा तास पाणीसुद्धा नाही. पहिले आठ दिवस मी ओल्या गालावरच लावत होते. सगळं लाळेबरोबर पोटात.

आता माझी चूक सांगते. बरं वाटलं तसं मी तेच मलम औषधाच्या दुकानातून परस्पर आणून चार महिने लावलं. चिठ्ठी कोणी मागितली नाही. तोंडात बुरशी धरली, आग दुप्पट झाली आणि बुरशीचं औषध वेगळं घ्यावं लागलं. आजार चढला की औषध चालू, उतरला की कमी, पण डॉक्टरांच्या सांगण्यानं. भाकरी मी आता दुधात कुस्करून खाते. ठेचा सुटला, याचं दुःख या वयात फार मोठं आहे.

यातून पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण शंभरात एखादं, तेही बऱ्याच वर्षांनी. पण तो एखादा कोण, हे आधी कळत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी तोंड दाखवायला जाते, दुखत नसलं तरी.

विनंती एवढीच, की लेखाच्या पुढच्या भागात तंबाखू न खाणाऱ्यांसाठीही दोन ओळी याव्यात : तीन आठवड्यांत न गेलेला चट्टा कोणाचाही असो, दाखवावा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत यासाठी स्वतंत्र विभाग आहेत, हेही छापावं. दात पाडायलाच तिकडे जायचं असतं, असं आमच्याकडे अजून समजतात.

मागच्या खेपेला रांगेत माझ्या शेजारी एक शेतमजूर बाई होती. पदरानं तोंड झाकलेलं. मी नुसतं "काय होतंय?" विचारलं, तर ती आधी म्हणाली, "मी मिश्री लावत न्हाई हो, बाई."

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सांगली
(नाव छापू नये.)