दोन पडद्यांचे यंत्र घेण्याआधी त्यावर मराठी पान उघडून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लातूर-नांदेडपासून उदगीर-अंबाजोगाईपर्यंत अभ्यासिका आता गल्लोगल्ली दिसतात, आणि पुस्तकांच्या जोडीला वाचनाचे एखादे यंत्र घ्यावे, असा विषय ग्रंथालयांच्या बैठकांतही निघतो. अशा वेळी वहीसारखे उघडणारे दोन पडद्यांचे यंत्र मनात भरते. डाव्या बाजूला कागदासारखा ई-इंक पडदा, उजव्या बाजूला टॅब्लेटचा रंगीत पडदा. एका खर्चात दोन वस्तू आल्या, असे कुणालाही वाटेल. समितीने ठराव करण्याआधी या यंत्राची ताकद कशात आहे आणि ते कुठे दगा देते, एवढे नीट कळावे म्हणून हे पत्र.

ई-इंकच्या पडद्यात केसाच्या जाडीइतक्या बारीक कुप्या असतात आणि त्यांत काळे-पांढरे विद्युतभारित कण तरंगत असतात. वीज दिली की हवे ते कण वर येतात आणि वीज काढली तरी तिथेच राहतात. म्हणून वीज फक्त पान उलटताना लागते. हा पडदा स्वतः उजेड टाकत नाही, कागदासारखा बाहेरचा उजेड परतवतो. भर दुपारी ओसरीत बसून त्यावर वाचता येते, तेव्हा टॅब्लेटच्या पडद्यावर स्वतःचा चेहरा दिसतो. सलग चार-पाच तास वाचणाऱ्या मुलांच्या डोळ्यांना हा फरक लगेच जाणवतो. या पडद्यासाठी पैसे मोजायला माझी हरकत नाही.

अशा जोडयंत्रांपैकी सर्वात ठळक प्रयत्न म्हणजे २०१० साली अमेरिकेत आलेले एन्टूराज एज. ९.७ इंची ई-इंक, १०.१ इंची रंगीत पडदा, किंमत ४९९ डॉलर, वजन जवळपास १.४ किलो. ई-इंकच्या बाजूवर खास पेनने लिहिता येई, समासात टिपणे काढता येत आणि डावीकडची लिंक उजवीकडच्या ब्राउझरमध्ये उघडे. कल्पना खरोखर उत्तम होती. पुढच्याच वर्षी कंपनी बंद पडली. २०१८ मध्ये लेनोवोने योगा बुक सी-९३० आणले, त्यात दोन्ही पडदे १०.८ इंची आणि वजन पाऊण किलोच्या थोडे वर. म्हणजे वजनाचा प्रश्न बराच सुटला. बाकीचे प्रश्न मात्र जोडयंत्र म्हटले की सोबत येतातच.

आधी फायद्याचे सांगतो. भूगोल वाचताना हे यंत्र सर्वात कामाला येते. ई-इंकमध्ये सहसा करड्या रंगाच्या १६ छटा असतात. त्यात पर्जन्यमानाचा नकाशा उघडला तर जालना आणि बीड एकाच छटेत मिसळतात. मजकूर डावीकडे ठेवून तोच नकाशा उजवीकडे रंगात उघडता आला, तर वाचनाची लय तुटत नाही. मराठी विश्वकोशातील नोंदही अशीच शेजारी उघडून ठेवता येते. शब्दकोशाचे मात्र जपून. इंग्रजी शब्दावर बोट ठेवले की अर्थ येतो, तसे मराठीत सहसा होत नाही, कारण पानावर 'पाण्याने' किंवा 'झाडाखाली' असते आणि कोशात 'पाणी' आणि 'झाड'. सामान्यरूपावरून मूळ शब्द शोधणे बहुतेक यंत्रांना जमत नाही. मूळ रूप उजव्या पडद्यावर टाइप करणे, हाच खात्रीचा मार्ग.

आता पानाच्या आकाराकडे या, कारण खरेदीत सर्वात जास्त फसगत इथे होते. आपल्याकडचे अभ्याससाहित्य, नोट्स, शासकीय अहवाल बहुतेक ए-फोर आकाराच्या पीडीएफमध्ये असतात. ए-फोर पान २१० बाय २९७ मिलिमीटर. एजचा ९.७ इंची पडदा साधारण १४० बाय २०३ मिलिमीटर. म्हणजे पान दोन-तृतीयांश होते आणि १२ पॉइंटचे अक्षर ८ पॉइंटचे. त्या पडद्यावर इंचाला १५० ठिपके असल्याने ८ पॉइंटच्या अक्षराला उंचीत जेमतेम १६-१७ ठिपके मिळतात. इंग्रजी अक्षर तेवढ्यात भागवते. देवनागरीला त्याच उंचीत वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार बसवायचा असतो. परिणामी 'मी' आणि 'मीं' एकसारखे दिसू लागतात. इंचाला ३०० ठिपके असलेल्या पडद्यावर हाच मजकूर स्वच्छ दिसतो, म्हणून इंचाच्या आकड्यासोबत हा आकडाही विचारावा. सहा इंची पडद्यावर तर ए-फोर पान चाळीस-बेचाळीस टक्क्यांवर येते. त्यावर पीडीएफ वाचायची आशा धरू नये.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, वाचनप्रणालीत (फाइल उघडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) समास कापण्याची सोय असेल तर चारही बाजूंचे कोरे समास छाटा; अक्षर लगेच वाढते. दुसरा, यंत्र आडवे धरून अर्धे पान वाचा. मग पडद्याची २०३ मिलिमीटर रुंदी २१० मिलिमीटरच्या पानाला मिळते आणि अक्षर जवळजवळ छापील आकाराचे दिसते.

दुसरी फसगत लिपीची. एज आले तेव्हा त्यात अँड्रॉइड १.६ होते आणि त्यात देवनागरीची धड सोयच नव्हती. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर सर्व लिपी साठवण्याच्या समान पद्धतीत, पहिली वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते आणि ती आधी दाखवणे हे प्रणालीचे काम असते. ते न जमल्यास 'शिक्षण'मधली वेलांटी श ओलांडून पलीकडे जाते आणि 'क्ष' फुटतो. आजच्या यंत्रांत हे बरेच सुधारले आहे, पण रंगीत बाजूवर मराठी नीट दिसले म्हणून ई-इंकच्या बाजूवरही दिसेलच असे नाही. दोन्हीकडची वाचनप्रणाली वेगळी असू शकते. नेमके तपासायचे ते 'दऱ्या'. काही फाइलींत हा चंद्रकोरीसारखा अर्धा र एका अदृश्य जोडचिन्हाने साधलेला असतो. प्रणालीने ते चिन्ह गाळले की डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या, म्हणजे समुद्र, होतो. आचाऱ्याचा आचार्यही तसाच होतो. परीक्षेच्या अभ्यासात ही चूक लहान नाही.

जुन्या फॉन्टची अडचण वेगळी. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये बनवलेली पीडीएफ डोळ्यांना नीट दिसते, कारण फॉन्ट फाइलीतच असतो. पण आत साठलेली असतात रोमन अक्षरे, म्हणून शोधात 'गोदावरी' टाका, एकही पान सापडत नाही. अक्षर मोठे करण्यासाठी मजकूर नव्याने वाहता केला की पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा येतो. हा दोष यंत्राचा नाही, फाइलीचा आहे. तरी तो भोगावा लागतो वाचकालाच.

बॅटरी दोन्ही पडद्यांना मिळून एकच असते. ई-इंकचे 'आठवडाभर चालते' हे इथे खरे ठरत नाही. रंगीत पडदा सुरू असला तर पाच-सहा तासांत यंत्र चार्जरला लावावे लागते. त्यामुळे रंगीत पडदा स्वतंत्र बंद करता येतो का, हे आधी बघा आणि नुसते वाचताना तो व वायफाय दोन्ही बंद ठेवा. लाईट गेली तर याचा उपयोग कळतो. पण ज्या ई-इंकला स्वतःचा दिवा नाही, तो अंधारात काळाच राहतो. शेजारच्या रंगीत पडद्याच्या उजेडात वाचू नका, तो उजेड पानावर कमी आणि डोळ्यांत जास्त पडतो.

उन्हाळ्याचे तर आवर्जून लिहायला हवे. अनेक उत्पादक वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचे तापमान सांगतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर जातो. लिथियम बॅटरी ४५ अंशांपुढे चार्ज केली की लवकर खराब होते, फुगतेही. चार्जिंग पहाटे किंवा रात्री करा. यंत्र खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. पाठ फुगलेली किंवा दोन भागांत फट पडलेली दिसली तर चार्जिंग ताबडतोब थांबवा.

बिजागरी हा जोडयंत्राचा सर्वात नाजूक भाग. तिच्यातून रिबनसारखी चपटी केबल एका पडद्याकडून दुसऱ्याकडे जाते आणि दर उघडझाकीला वाकते. एका पडद्यावर आडव्या-उभ्या रेघा येणे, तो मधूनच कोरा होणे, ही तिच्या थकण्याची लक्षणे. धुळीचेही तसेच. ई-इंकच्या मागे पातळ काच असते. मिटलेल्या यंत्रात वाळूचा एक खडा राहिला आणि वर चार पुस्तके ठेवली की ती काच आतल्या आत तडकते, वरून ओरखडाही दिसत नाही. मिटताना दोन्ही पडद्यांमध्ये फ्लॅनेलचा स्वच्छ तुकडा ठेवावा. पेनही दोरीने बांधा. त्या पडद्यावर कुठलेही पेन चालत नाही आणि अनेक यंत्रांत बोटही चालत नाही.

दुकानात पैसे देण्याआधी पेन ड्राइव्ह किंवा केबलने स्वतःच्या दोन फाइली यंत्रात टाका: एक बालभारतीच्या पाठ्यपुस्तकाची पीडीएफ, एक युनिकोड मराठी ईपब, म्हणजे अक्षर लहानमोठे करता येणारी ई-पुस्तकाची फाइल. ई-इंकच्या बाजूवर 'दऱ्या', 'महाराष्ट्र', 'विद्यार्थ्यांनी' वाचून बघा. वीस पाने उलटा आणि मागच्या पानाची सावली किती उरते ते पाहा. खात्याचे लॉगिन न करता फाइल उघडली पाहिजे. कंपनी बंद पडली तरी असे यंत्र वाचायच्या कामाचे राहते. यातले काही अडले तर अभ्यासिकेसाठी साधा मोठा ई-रीडर आणि वेगळा टॅब्लेट घेणे बरे. एक बिघडला तर दुसरा चालू राहतो, आणि एकाच वेळी दोघांना वाचता येते.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. बालभारतीची पुस्तके पीडीएफमध्ये मोफत मिळतात, त्यांच्या युनिकोड ईपब आवृत्त्याही मिळाव्यात यासाठी आपण बातमीतून पाठपुरावा करावा. आणि आपल्या दैनिकाच्या संकेतस्थळावरचा मजकूर युनिकोडमध्येच असतो, तेव्हा रविवारची पुरवणी ईपब म्हणून देण्यासाठी तो पुन्हा टाइप करावा लागणार नाही. छायाचित्रे लहान ठेवली तर फाइल एक-दोन एमबीत बसते आणि रेंज कमी असलेल्या गावातही उतरवून घेता येते.

आपला,
एक ग्रंथालय कर्मचारी, परभणी