लॅट्रोबच्या पत्रवह्या उघडून देणाऱ्या बाईंस

आदरणीय बाई,

स. न. वि. वि.

बाल्टिमोरच्या ‘मेरिलँड सेंटर फॉर हिस्टरी अँड कल्चर’च्या वाचनालयात आपण मला बेंजामिन हेन्री लॅट्रोब या वास्तुकाराच्या पत्रवह्या पाहू दिल्यात. त्या दिवशी माझे आभार ‘थँक यू’च्या पुढे गेले नाहीत, कारण मन भरून आले की मला इंग्रजी सुचत नाही. म्हणून हे पत्र मराठीत लिहितो आहे; माझी मुलगी आपल्याला त्याचा आशय कळवील.

आपल्याकडे येण्यापूर्वी अशाच कामासाठी मी दुसऱ्या एका मोठ्या संस्थेत गेलो होतो. तिथे पहिला प्रश्न आला, विद्यापीठ कोणते? सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन मुलीकडे राहायला आलेल्या माणसाला विद्यापीठ कुठले असणार! ‘छापील खंड आहेत, तेवढे पुरेत,’ असे सांगून त्या मंडळींनी माझी बोळवण केली, आणि तीही मान वर न करता. आपण मात्र विचारलेत, ‘कोणत्या इमारतीसाठी आला आहात?’ हा प्रश्न ऐकूनच आपण योग्य दारात आलो, अशी माझी खात्री पटली.

मी वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलसाठी, म्हणजे अमेरिकेची संसद (काँग्रेस) जिथे भरते त्या इमारतीसाठी आलो होतो. १७६४ मध्ये इंग्लंडात जन्मलेला आणि १७९६ मध्ये अमेरिकेत आलेला लॅट्रोब १८०३ मध्ये अध्यक्ष जेफरसन यांच्या नेमणुकीने सरकारी इमारतींचा प्रमुख झाला. त्याच सुमारास त्याने दोन लेखण्या एकमेकींना जोडलेले ‘पॉलिग्राफ’ नावाचे यंत्र घेतले. एक लेखणी हातात धरून पत्र लिहीत गेले की दुसरी शेजारच्या कागदावर तेच अक्षर उमटवीत जाई. रवाना झालेली पत्रे जगभर पांगली, तरी त्यांच्या प्रती त्याच्यापाशी राहिल्या त्या यामुळेच. त्याचा मुलगा जॉन आपल्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक होता आणि पुढे तिचा अध्यक्षही झाला, हे मला आपल्याकडूनच कळले.

मला पाहायची होती ती १८०८ च्या आसपासची पाने. त्या वर्षीच्या सप्टेंबरात कॅपिटॉलमधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या दालनावरची विटांची कमान कोसळली आणि बांधकामावर देखरेख करणारा लॅट्रोबचा सहकारी जॉन लेंथॉल तिच्याखाली सापडून मरण पावला. सेंटरिंग, म्हणजे कमान पक्की होईपर्यंत तिला खालून दिलेला तात्पुरता आधार, वेळेआधी काढले गेले होते. सेंटरिंग कधी काढायचे यावरून ठेकेदारांशी वाद घालण्यात ज्याची हयात गेली, त्याला ही हकिकत दोनशे वर्षांपूर्वीची वाटत नाही. लेंथॉलला दगड, पैसा आणि मजूर यांविषयी वारंवार लिहिणाऱ्या माणसाचे अक्षर मला एकदा प्रत्यक्ष पाहायचे होते.

पण वही समोर आली आणि मी हात मांडीवरच ठेवला. माझा उजवा हात काही वर्षांपासून कापतो, आणि त्या जुन्या पानाची कड माझ्या बोटांनी फाटली असती तर मला ते सोसले नसते. मी काही बोललो नव्हतो. आपण खुर्ची ओढून शेजारी बसलात आणि म्हणालात, ‘तुम्ही वाचा, पाने मी उलटते.’ मग दुपार संपेपर्यंत माझी नजर पानाच्या शेवटच्या ओळीवरून उठेपर्यंत आपण थांबत होता आणि मगच पान उलटत होता. एकदाही माझ्या हाताकडे पाहिले नाहीत, घड्याळाकडेही नाही. इतर टेबलांवरच्या लोकांना आपण दोघे मिळून काही अभ्यास करतो आहोत, असेच वाटले असेल.

नियम सगळीकडे असतात, आणि ते असावेतही; मी स्वतः सरकारी नोकरीत ते पाळले आणि इतरांना पाळायला लावले. आपणही एकही नियम मोडला नाहीत. परंतु समोरच्याची अडचण ओळखायची आणि ओळखल्याचे त्याला जाणवूही द्यायचे नाही, ही सभ्यता कोणत्याही नियमपुस्तकात सापडत नाही. आमच्या खात्यात असे दोन-तीन कारकून होते. त्यांच्या टेबलापाशी आलेला खेडूत ताठ मानेने परत जाई. त्यांची आठवण मला त्या दुपारी फार आली.

नंतर मुलीने मला कॅपिटॉल दाखवले. लॅट्रोबच्या आराखड्यावरून घडवलेले मक्याच्या कणसांचे खांब पाहिले, जे १८१४ ची इंग्रजांनी लावलेली आग सोसून उभे आहेत. मोठमोठ्या कामांपेक्षा या कणसांचेच काँग्रेसच्या सभासदांनी अधिक कौतुक केले, असे त्याने १८०९ मध्ये जेफरसनना कळवले होते. कमानी बांधणाऱ्याच्या नशिबी हे असायचेच.

त्या दुपारची माझी टिपणे सुवाच्य लिहून झाली की एक प्रत आपल्या वाचनालयासाठी पाठवीन. त्यात दोन-तीन शब्दांपुढे मी प्रश्नचिन्हे केली आहेत. सवड मिळाल्यास मूळ पाने पाहून ते शब्द काय आहेत ते कृपया कळवावे.

आपला ऋणी,
सार्वजनिक बांधकाम खात्यातला एक निवृत्त अभियंता