शाळेचं काम : शनिवार-रविवार, हाताशी दोनच दिवस

राम राम मंडळी,

सोमवारी, 15 जूनला शाळा उघडते. शनिवारी सकाळी साडेपाचला कामाला हात लावायचा आणि रविवारी दिवेलागणीला वर्ग झाडून बाक आत. अकरानंतर उन्हात कुणी पत्र्यावर चढू नये, हे आत्ताच सांगून ठेवतो.

पहिलं काम पत्र्याचं. मृग लागलाय, सर कधी येईल नेम नाही. बोल्टखालचे डांबरी वायसर वाळून तडकलेत, गळती तिथूनच आहे. ते बदलल्याशिवाय रंगाचा डबा उघडायचा नाही. भिंतीवरचा जुना चुना पत्रीनं खरवडून, पुसून घ्या. भुकटीवर रंग मारला की दिवाळीपर्यंत पापुद्रे निघतात. रंगाच्या दोन हातांमध्ये किमान चार तास सोडा. घाई इथं नको, बाकी सगळीकडे करा.

मोरीचा गिलावा मिस्त्रींनी गेल्या आठवड्यातच उरकला, बरं झालं. त्याला सात दिवस पाणी मारावंच लागतं. शेजारच्या घरांनी शुक्रवारपर्यंत सकाळ-संध्याकाळ बादली ओतावी.

2016 ला ‘वॉटर कप’ या जलसंधारणाच्या स्पर्धेत आपल्या अंबाजोगाई तालुक्यातल्या गावांनी 45 दिवस टिकाव-फावडं चालवलं. आपल्याला दोनच दिवस काढायचेत, तेव्हा लग्नाची सबब चालणार नाही. (सख्ख्या भावाचं असेल तर चालेल.)

शिडी, पत्री, जुनी पोती घरून आणा. भाकरी-पिठल्याचं मावशींच्या बचत गटाकडे आहे. किती जण येणार ते गुरुवारी रात्रीपर्यंत इथंच कळवा. नुसता अंगठा टाकू नका, नाव लिहा.