दुखत नाही म्हणून

चि. बाळास आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, ऑफिसच्या तपासणीत बीपी १५२/९६ निघालं, पण मला काहीच त्रास नाही. सूनबाई शेजारी होती म्हणून तेव्हा काही बोलले नाही. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागला नाही. हेच वाक्य नानांच्या तोंडून मी वर्षभर ऐकलं होतं.

नानांना अर्धांगाचा झटका आला त्या दिवशी तू पुण्याहून रात्री पोचलास. त्याआधीचं तुला कधी नीट सांगितलंच नाही. गोळीनं आकडा उतरला म्हणून सोयाबीनच्या काढणीत नानांनी ती बंद केली होती. ‘एकदा लागली की सुटत नाही’ असं पारावर कुणीतरी डोक्यात भरवलं होतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, मीही गप्प बसले. मग आखाडात एका दुपारी जेवताना भाकरीचा तुकडा त्यांच्या हातातून तीनदा ताटात पडला. चौथ्यांदा हात ताटाच्या काठावरच राहिला. वर पाहिलं तर ओठाची उजवी बाजू ओघळलेली. कुणी म्हणालं लिंबूपाणी पाजा, कुणी तळपाय चोळायला बसलं. त्यात तास गेला बघ. अंबाजोगाईला डॉक्टरांनी पहिलं विचारलं, नक्की किती वाजता सुरू झालं? मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. आम्ही पोचलो वेळेत, पण बँकेत सही करताना नानांचा हात अजून थरथरतो. तो थरथरणारा पेन मला बघवत नाही.

एका आकड्यावरून बीपी आहेच असं कुणी म्हणत नाही, हे मलाही कळतं. म्हणून घरी मोज. दंडाला बांधायचं मशीन घे, मनगटाचं नको. चहा, तंबाखू, व्यायाम यानंतर अर्धा तास जाऊ दे. लघवीला जाऊन ये, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बैस, पाय जमिनीला टेकलेले, हात टेबलावर छातीच्या उंचीला. बोलायचं नाही. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, आठवडाभर वहीत लिही. घरचे आकडे १३५/८५ च्या वरच राहिले तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी दिली तर घे, आणि बरं वाटतंय म्हणून आपल्या मनानं सोडू नकोस.

आता मिठाचं. दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. मला वाटायचं आपलं काय जास्त असतं? म्हणून एक दिवस नानांच्या वाट्याचा चमचाभर काढून वेगळ्या वाटीत ठेवला आणि त्यांच्या वरणाला, भाजीला, ताटात वाढायला त्यातूनच घेतलं. संध्याकाळची भाजी फोडणीला टाकायच्या आधीच वाटी रिकामी! पापड-लोणच्यातलं तर त्यात धरलंच नव्हतं. तेव्हापासून ताटात मीठ वाढणं बंद केलं, ठेच्यात लिंबू जास्त पिळते. पंधरा दिवस नाना कुरकुरले, आता बाहेरचं खाल्लं की तेच खारट म्हणतात. सैंधव घेतो म्हणशील, तर तेही मीठच, बाळा. तुझ्याकडे ब्रेड, फरसाण, पाकिटातल्या नूडल्स असतात, त्यातलं मीठ दिसत नाही म्हणून मला जास्त धास्ती.

रात्री एकपर्यंत लॅपटॉप उघडा असतो, सूनबाई सांगत होती. त्यावर समोरासमोरच बोलू.

शनिवारच्या एसटीनं पार्सल पाठवते. ज्वारीचं पीठ आहे आणि जवसाची चटणी, तिच्यात मीठ घातलेलं नाही. एक कोरी वहीही ठेवली आहे. पहिल्या पानावर नानांनी स्वतः तारखेचे रकाने आखलेत, रेघा थोड्या वाकड्या आल्यात. पहिले आकडे रविवारी सकाळी फोनवर सांग, नाना वाट बघतील.

तुझी,
आई