बाईंची भिंत मृगाआधी झाकायची आहे

सर्व गावकरी बंधू-भगिनी, माहेरवाशिणी आणि नोकरीधंद्यासाठी बाहेर असलेले गावचे सर्व विद्यार्थी यांना सप्रेम जयगुरु.

हे पत्र होळीच्या आतच निघायला हवं होतं. तुरीचा चुकारा अडकला, घरी लग्न होतं, वाचनालयाचा हिशेबही द्यायचा होता, त्यात राहून गेलं. आता मात्र दिवस मोजकेच उरले आहेत. ७ जूनच्या सुमारास मृग लागेल आणि आपल्या जुन्या शाळेच्या बाईंच्या सपरीवरचे, म्हणजे ओसरीवरचे, अर्धे कवेलू (कौलं) वानरांनी फोडून टाकले आहेत. सपरीत बाईंनी रंगवलेली भिंत आहे, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण गावात नव्या सुना आल्या आहेत, आणि काही जणांनी तर ती भिंत पाहून वीस-वीस वर्षं झाली, म्हणून लिहितो.

बाई नोकरीला लागल्या तेव्हा आपला भाग मध्य प्रदेशात होता. १९५६ साली आपण मुंबई राज्यात गेलो, १९६० साली महाराष्ट्र झाला. राज्यं तीन झाली, बाईंची शाळा तीच राहिली. बदलीचा हुकूम दोनदा आला. दोन्ही वेळा गावातल्या बाया बैलगाड्या जुंपून तालुक्याला गेल्या आणि हुकूम मागे घ्यायला लावूनच परतल्या. चिंचोक्यांवर बेरीज-वजाबाकी, राखेच्या ताटात अक्षरं आणि बाभळीच्या काडीचं टोक चावून केलेला कुंचला, यावर आमची पिढी शिकली. कापूस वेचणीच्या दिवसांत पोरी शाळेत दिसेनाशा झाल्या की बाई शेताच्या धुऱ्यावर जाऊन उभ्या राहत. एक शब्द बोलत नसत. ओटी बांधून पोरीच्या मायसोबत वेचायला लागत आणि कापसाची पाटी भरली की त्या पोरीला हाताला धरून शाळेत आणत. माझी मोठी बहीण अशीच चौथी पास झाली.

रात्रीचा वर्ग सपरीत भरायचा. सामुदायिक प्रार्थना झाली की बाया कंदिलाभोवती बसत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता तेव्हा नुकतीच हाती आली होती. त्यातले अध्याय ४१, म्हणून बाईंनी ४१ आठवड्यांचा नेम धरला, आठवड्याला एक अध्याय. पहिल्या फेरीत बाईंनी वाचलं आणि बायांनी ऐकलं. दुसऱ्या फेरीत ओवीवर बोट ठेवून बायाच वाचायला लागल्या. महिलोन्नतीचा अध्याय मात्र एका आठवड्यात संपला नाही, कारण एकेका ओवीवर घरच्या गोष्टी निघत आणि बाई त्या निघू देत. आश्विन वद्य पंचमीला मोझरीला राष्ट्रसंतांच्या मौन श्रद्धांजलीसाठी बाई पायी जात, पाय साथ देत होते तोवर त्यांनी एकही वर्ष चुकवलं नाही.

आता भिंत. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. तिथून पंढरपूरला निघणारी तिची पालखी बाईंनी आपल्या सपरीच्या लांब भिंतीवर काढायला घेतली. रंग घरचेच: गेरू, चुना, नीळ, हळद, दिव्याचं काजळ आणि बाभळीचा डिंक. पालखी काढली, भोई काढले, पुढची सगळी भिंत मात्र कोरी ठेवली. मग नेम असा पडला की वर्गात जी कुणी सही करायला शिकेल, तिला बाई दिंडीत काढणार आणि चित्राखाली ती स्वतःच्या हातानं सही करणार. अशा ६३ बाया त्या भिंतीवर आहेत. कुणाच्या डोक्यावर तुळस आहे, कुणाच्या कडेवर लेकरू. एकीच्या हातात विळा आहे, कारण ती शेतातून तशीच सही करायला आली होती. एका सहीतला ‘र’ उलटा आहे. बाईंनी तो दुरुस्त केला नाही, दुसऱ्यालाही करू दिला नाही. त्या ६३ जणींत माझी माय आहे. हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांची माय, आजी, मोठी काकू तिथेच आहे.

भुलाबाईचं तर किती सांगावं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर बाईंच्या दारात टिपऱ्या वाजत. भुलाबाई-भुलोजी विकत आणलेले कधीच नसायचे. काळी माती वाळली की तडकते, म्हणून बाई तळ्यातला गाळ आणवत, त्यात कापूस कुटून घालत आणि पोरींकडूनच मूर्ती घडवून घेत. गाण्यांच्या चार वह्या त्यांनी लिहून ठेवल्या आहेत. त्या वाचनालयाच्या कपाटात आहेत. ते कपाटही बाईंचंच.

बाईंच्या घरासाठी याआधी ज्यांनी हात दिला त्यांची आठवण ठेवणं आमचं कर्तव्य आहे. खालच्या वस्तीतल्या दिवंगत वीटभट्टीवाल्या मामांनी ओट्याच्या विटा दिल्या आणि पैशांचं नाव काढू दिलं नाही. सुतारदादांनी आडं बदललं तेव्हा त्यांना ताप होता, तरी वर चढले. शाळेजवळच्या शिंपीकाकांनी २० वर्षं दर दसऱ्याला गेरू आणून दिला. बचत गटाच्या बायांनी एका वर्षीचा सगळा नफा सपरीच्या दारासाठी दिला. पुण्यात कंपनीत असलेल्या आपल्या तीन पोरांनी पहिला पगार बाईंच्या पायाशी ठेवला आणि बाईंनी त्या पैशांची पुस्तकं घेतली. या सर्वांचे उपकार गाव विसरणार नाही.

आता थोडं मनातलं. गेल्या पावसाळ्यात बाई रात्री दोन वाजता उठून भिंतीला गोणपाट लावत होत्या. वय नव्वदीचं, हाताशी कुणी नाही. पहाटे दूध घालायला गेलेल्या पोरानं पाहिलं म्हणून आम्हाला कळलं. त्यानंतर सभा बोलावली, दवंडी दिली, ग्रुपवर तीनदा टाकलं. आले ११ जण. त्याच महिन्यात डीजेची वर्गणी एका रात्रीत जमली होती. एका कार्यालयात अर्ज देऊन वर्ष होत आलं, उत्तर नाही. हे लिहिताना वाईट वाटतं, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. ज्यांना सही करता येते ती बाईंमुळे, त्यांच्याच घरून निरोप आला की पुढच्या वर्षी पाहू.

पुढच्या वर्षी ती भिंत असेलच असं नाही. खालच्या ओळीतल्या ९ सह्या ओलीनं गेल्या आहेत. बाईंनी वहीशी ताडून मला एकेक नाव सांगितलं. त्यातल्या सातजणी आता नाहीत, त्यांची सही पुन्हा होणार नाही.

काही जण सिमेंटचं प्लास्टर मारा म्हणतात. ते चालणार नाही. भिंत पांढऱ्या मातीची आहे, सिमेंट लावलं की ओल आतच कोंडते आणि रंगाची खपली सुटते. बाहेरून माती आणि कुटार (भुसा) यांचाच गिलावा आणि वर चुना. छपराला कवेलूंऐवजी टिनाचे पत्रे, पुढे दोन हात जास्त काढून, आणि पायथ्याला पाणी काढून द्यायला नाली. भिंतीच्या आतल्या बाजूला, चित्राला, कुणीही हात लावायचा नाही. बाईंनी एकच अट घातली आहे: त्यांच्या औषधपाण्यासाठी कुणाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, घ्यायचं ते भिंतीसाठी.

लागणार ते: टिनाचे पत्रे १८, लोखंडी पाइप, पांढरी माती ३ ट्रॉल्या, चुना ६ पोती, मिस्त्रीची मजुरी. एकूण अंदाज १ लाख १० हजार, जमले ३८ हजार. हरभरा निघाला आहे, ढोरांना ठेवून उरलेलं एक पोतं कुटार प्रत्येक घरानं द्यावं, कोरडं असावं. काम आखाजीला (अक्षय तृतीयेला) सुरू. मजुरी देणं जमत नसेल त्यांनी एक दिवस श्रमदान करावं, सकाळी ६ ते १०, टोपलं-फावडं सोबत. पैसे वाचनालयात संध्याकाळी ७ ते ८, पावती घेतल्याशिवाय देऊ नये. क्यूआर कोड दारावर लावला आहे आणि गावच्या ग्रुपवरही आहे. पाठवल्यावर नाव कळवा, नाहीतर पावती फाडता येत नाही. आयकराची सवलत आपल्या वाचनालयाला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सह्या गेलेल्या दोघी हयात आहेत. एक गावातच आहे. दुसरी धामणगावकडे लेकीजवळ असते, तिला चालवत नाही, पण निरोप मिळताच तिनं भिंत तयार झाली की मला न्या असं कळवलं आहे. त्या दिवसासाठी कुणाची चारचाकी मिळाली तर लवकर सांगावं.

आपला,
सचिव, वाचनालय समिती
(समितीच्या सर्व सदस्यांच्या वतीने)