मुलांना हवा आणि हवामान समजावताना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

मुलांना हवामानबदल कसा समजवायचा, असं विचारलंस. इतक्या लांबून फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. वितळत्या हिमनगांच्या चित्रांनी सुरुवात करू नकोस. आधी त्यांच्या हाती तापमापक दे. सरासरी म्हणजे काय हे उमगल्याशिवाय यातलं काहीच कळत नाही, आणि ते रोजच्या नोंदींतूनच उमगतं.

तापमापक सावलीत, खेळत्या हवेत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर टांग. भिंतीला टेकला की भिंतीची ऊब मोजली जाते, ऊन लागलं तर आकडा भलताच चढतो. नोंद रोज ठरलेल्या वेळीच घ्यायची. पाऊस मोजायला सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली चालते. वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा बसवायचा. बाटलीचा तळ सपाट नसतो, म्हणून तळाशी खडे टाकून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरायचं आणि शून्याची रेघ तिथेच मारायची.

महिन्याभराने आलेख काढायला लाव. तो वरखाली होत राहतो, ती हवा, म्हणजे त्या-त्या दिवसाची स्थिती. हवामान सांगायचं तर जागतिक हवामान संघटना 30 वर्षांची सरासरी धरते, सध्या 1991 ते 2020 ची. त्यामुळे एका गार दिवसावरून काहीच सिद्ध होत नाही. एका कडक उन्हाळ्यावरूनही नाही, हे तितक्याच प्रामाणिकपणे सांग.

1850–1900 च्या तुलनेत 2011–2020 या दशकात पृथ्वी 1.1 अंश सेल्सिअसने तापलेली होती. 'एवढंच?' असं मुलं म्हणतीलच. त्यांना सांग, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात पृथ्वीची सरासरी औद्योगिक काळाआधीच्या मानाने जेमतेम पाच-सहा अंशांनीच कमी होती.

समुद्राची पातळी का वाढते, यासाठी एक प्रयोग जरूर करा. दोन सारखे ग्लास घ्या. एकात पाणी आणि तरंगणारे चार बर्फाचे खडे. दुसऱ्यात पाण्याबाहेर डोकं काढणारा दगड, आणि त्यावर तेवढेच खडे. दोन्ही पातळ्यांवर खूण करून बर्फ पूर्ण वितळू द्यायचा. पहिल्यात पातळी तीच राहते, दुसऱ्यात चढते. दगड बुटका असला आणि खडे घसरून पाण्यात पडले, किंवा पहिल्या ग्लासात पाणी कमी पडून खडे तळाला टेकले, की प्रयोग फसतो. आर्क्टिक समुद्रावरचा बर्फ पहिल्या ग्लासातला, ग्रीनलंडचा दुसऱ्यातला. ग्रीनलंडचा सगळा वितळला तर समुद्र सुमारे सात मीटर चढेल, पण त्याला शतकानुशतकं लागतील. शिवाय तापलेलं पाणी प्रसरण पावतं, तीही वाढ असतेच.

कार्बन डायऑक्साइडचं काम पांघरुणासारखं: ते स्वतः उष्णता तयार करत नाही, बाहेर निघालेली अडवतं. असे वायू नसते तर पृथ्वीची सरासरी उणे 18 अंशांच्या आसपास असती, आज ती सुमारे 15 आहे. हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत 1958 मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू 315 च्या आसपास होता, आता 420 च्या वर आहे. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरने बरणीत हा वायू तयार करून ती दिव्याखाली साध्या हवेच्या बरणीपेक्षा जास्त तापते असं दाखवणारा प्रसिद्ध प्रयोग मात्र टाळ. त्यात तापमानाचा फरक दिसतो तो बहुतांशी वायू जड असल्यामुळे आतली हवा कमी मिसळते म्हणून. ओझोनचं छिद्रही यात आणू नकोस, तो प्रश्न वेगळा आहे.

'सूर्यच जास्त तापला असेल,' असं थोरल्याने म्हटलं तर त्याला गप्प करू नकोस, शंका रास्त आहे. सूर्य कारण असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. मोजमापं सांगतात की खालचा थर तापतोय आणि त्याच्या वरचा, स्थितांबर, थंड होतोय.

तुझा,
धाकटा भाऊ